मागच्या पट्ट्याचे स्थान : टेलिमार्क ते नवलाख उंबरे

पादत्राणांविषयीच्या मराठी विचारात तळ, अंगठा, कान आणि करकर यांची पुरेशी दखल घेतली गेली असली, तरी चालताना पायाचा जो भाग बहुधा सर्वांत आधी जमिनीला टेकतो आणि सर्वांत आधी तिच्यावरून उठतो, त्या टाचेला पादत्राणाने कितपत धरून ठेवावे, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे जवळजवळ दुर्लक्षच झाले आहे. नॉर्वेतील टेलिमार्क प्रांतावरून जिला नाव मिळाले त्या हिमक्रीडेचे उपासक मात्र याच प्रश्नावर गेली कित्येक दशके हमरीतुमरीवर येत आहेत, आणि तेही संपूर्ण प्रश्नावर नव्हे, तर टाचेमागून फिरणारी पोलादी तार पायाच्या पुढच्या भागात नेमकी कोठे अडकवावी, एवढ्याशा उपप्रश्नावर. मावळ तालुक्यात बर्फ पडत नाही हे खरे; परंतु उतार आहे, निसरडे आहे आणि टाचा प्रत्येकी दोन आहेत, त्यामुळे तळेगाव दाभाड्याच्या उत्तरेस असलेल्या नवलाख उंबरे या गावी हा प्रश्न तपासून पाहण्यास शास्त्रीयदृष्ट्या कोणतीही हरकत दिसत नाही.

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘स्की’ म्हणजे बर्फावरून घसरण्यासाठी पायाला बांधायची लांब, अरुंद, पुढच्या टोकाला वर वळलेली पट्टी. आणि ‘बाइंडिंग’ म्हणजे बूट या पट्टीला जोडणारी यंत्रणा. युरोपातील आल्प्स पर्वतात रूढ झालेल्या स्कीइंगच्या पद्धतीत उतरताना बुटाचे पुढचे आणि मागचे अशी दोन्ही टोके पट्टीला जखडलेली असतात, तर टेलिमार्क पद्धतीत बुटाचे केवळ पुढचे टोक पक्के असते आणि टाच वर उचलता येते. वळण घेताना टेलिमार्कचा उपासक एक पाय पुढे सरकवतो, मागचा गुडघा पट्टीपर्यंत वाकवतो आणि मागची टाच हवेत ठेवतो, त्यामुळे अनभिज्ञ प्रेक्षकाला त्याची घराची किल्ली बर्फात पडली असावी असा संशय येतो. ही कसरत साधायची तर टाच मोकळी हवी; पण ती अगदीच मोकळी सोडली तर बूट एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे जाऊ लागते, म्हणून तिला मागे खेचणारे काहीतरी हवे. स्वातंत्र्य तर द्यायचे, पण संध्याकाळी सातच्या आत घरी परत येईल इतकेच, असे या यंत्रणेचे एकंदर धोरण आहे.

या धोरणाचा आद्य पुरस्कर्ता म्हणून मॉर्गेदाल या खेड्यातील सोंद्रे नोरहाइम (१८२५–१८९७) याचे नाव घेतले जाते. त्याच्या आधी बहुतेक ठिकाणी चवड्यावरून एक पट्टा घेऊन भागवले जात असे. नोरहाइमने झाडाच्या लवचीक मुळ्या-फांद्या पिळून त्यांचा वेढा टाचेमागून फिरवला, १८६८ मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो, येथील स्पर्धेत आपले कसब दाखवून लोकांना थक्क केले आणि पुढे १८८४ मध्ये अमेरिकेला स्थलांतर करून तो नॉर्थ डकोटाच्या सपाट मैदानात जाऊन राहिला. उताराच्या शास्त्रातील एवढ्या मोठ्या आचार्याने अखेरीस सपाटी निवडावी, याचे कारण पोटापाण्यात शोधावे. तात्त्विक अर्थ लावण्याचा मोह आवरलेला बरा.

झाडाच्या मुळीच्या जागी पोलादी तार आली ती १९३० च्या सुमारास, आणि ती आणणारा गृहस्थ होता स्वित्झर्लंडमधील सेंत-क्रॉय येथील, सुरेल वाजणाऱ्या पेट्या बनवणाऱ्या घराण्यातला गीदो रूज. त्याच्या बाइंडिंगला ‘कंदाहार’ असे नाव मिळाले, आणि येथे विषयांतराचा दोष पत्करूनही थोडे थांबले पाहिजे. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानातील मैवंद येथे ब्रिटिश फौजेची, आणि तिच्यातील मुंबई इलाख्याच्या पलटणींची, वाताहत झाली. उरलेले सैन्य कंदाहारच्या तटाआड अडकले. त्यांची सुटका करण्यासाठी जनरल रॉबर्ट्स सुमारे दहा हजारांची फौज घेऊन काबूलहून जवळपास पाचशे किलोमीटर चालत तीन आठवड्यांच्या आसपास कंदाहारला पोचला. त्यापायी त्याच्या उमरावकीच्या किताबाला ‘कंदाहारचे’ अशी शेपटी जोडली गेली. त्याच्या नावाने १९११ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये स्की-शर्यतीचा करंडक ठेवला गेला. करंडकावरून क्लबाला आणि त्या नामपरंपरेतून बाइंडिंगला नाव मिळाले. म्हणजे भर उन्हाळ्यात, तापलेल्या धुळीतून, ज्या वाटचालीत मुख्यतः टाचांनाच फोड आले असणार, तिचे स्मारक बर्फावर टाचेमागून जाणाऱ्या तारेच्या रूपाने उभे राहिले. इतिहासाला विनोदबुद्धी नसते असे मानणाऱ्यांनी ही साखळी एकदा पुन्हा वाचावी.

रूजच्या तारेचे खरे वैशिष्ट्य तिच्या मार्गात होते. पट्टीच्या दोन्ही कडांना छोटे आकडे बसवलेले असत. तार या आकड्यांखालून नेली की ती टाचेला खाली दाबून धरी आणि उतार उतरणे सुरक्षित होई, आकड्यांतून सोडवली की टाच मोकळी होऊन चढ चढता येई. यंत्र तेच, तार तीच, पाय तोच. फक्त तार कोठून जाते यावर माणूस चढणारा की उतरणारा हे ठरे. पुढे दोन्ही टोके जखडणारी बाइंडिंगे बाजारात आली आणि मोकळी टाच मागे पडली, ती १९७० च्या दशकात कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूटसारख्या ठिकाणच्या हौशी मंडळींनी पुन्हा उकरून काढली. टाच मोकळी करा म्हणजे मनही मोकळे होईल, अशा अर्थाचे एक घोषवाक्यही या मंडळींनी प्रचारात आणले. मावळात टाच शतकानुशतके मोकळीच आहे. तिथल्या मनांची अवस्था ग्रामपंचायत निवडणुकीच्या आसपास तपासून पाहण्यासारखी असते.

आता तारेच्या स्थानाचा मुख्य मुद्दा. टाच वर उचलली की पाऊल चवड्याच्या रेषेत, म्हणजे बोटे जेथे वाकतात तेथे, दुमडते. ही रेषा म्हणजे दाराची बिजागरी समजावी. तारेचे पुढचे टोक नेमके या बिजागरीच्या अक्षावर अडकवले, तर टाच कितीही उचलली तरी टोकापासून टाचेपर्यंतचे अंतर तेवढेच राहते आणि तारेला ताण बसत नाही. टोक बिजागरीच्या मागे, टाचेच्या दिशेने सरकवले, की मात्र उचललेली टाच आणि टोक यांतील अंतर वाढू लागते, तारेला जोडलेली स्प्रिंग आवळली जाते आणि टाच खाली खेचली जाते. हिशोबाला एक उदाहरण घ्यावे. बिजागरीपासून टाचेपर्यंत १८ सेंटिमीटर अंतर धरले आणि टाच ४५ अंशांनी उचलली, तर तारेचे टोक २ सेंटिमीटर मागे असताना अंतर सुमारे साडेसहा मिलिमीटरने वाढते आणि ४ सेंटिमीटर मागे असताना चौदा मिलिमीटरांहून थोडे अधिक वाढते. म्हणजे जागा दुप्पट सरकवली तर ताण दुपटीच्याही किंचित पुढे जातो. बुटाच्या कडेने पुढपर्यंत नेलेली तार म्हणूनच सौम्य, आणि चवड्याच्या मागे तळाखालून वर येणारी तार कडक, असे या क्षेत्रातील सर्वसाधारण मत आहे. रसेल रेनी या अमेरिकी कारागिराने घडवलेल्या ‘हॅमरहेड’ नावाच्या बाइंडिंगमध्ये तर तारेची बिजागरी बसवण्यासाठी एकामागे एक अशा पाच जागा दिलेल्या होत्या, म्हणजे ज्याला जितका धाक हवा तितका त्याने स्वतःच निवडावा.

वास्तविक पाच जागा दिल्यावर वाद मिटायला हवा होता. परंतु मनुष्यस्वभाव असा की एकच जागा असते तेव्हा लोक तिला नावे ठेवतात आणि पाच असतात तेव्हा एकमेकांना. पहिल्या जागेवर समाधानी असलेल्याला पाचवीवरचे लोक ऐदी म्हणतात, पाचवीवाल्यांना पहिलीवरचे लोक म्हणतात की एवढीच टाच दाबून धरायची होती तर सरळ जखडलेल्या बाइंडिंगवर का गेला नाहीत, आणि तिसऱ्या जागेवरचे लोक दोन्ही पक्षांना समजूतदारपणे हसतात व त्यामुळे दोन्हीकडून सर्वाधिक शिव्या खातात. एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंतचे अंतर बोटाच्या पेराहून कमी असते, हे लक्षात घेतले म्हणजे पंथभेदाला भूमी किती कमी पुरते याचा अंदाज येतो. ‘रोट्टेफेल्ला’ म्हणजे उंदराचा सापळा अशा नावाच्या नॉर्वेजियन कंपनीने २००७ मध्ये टाचेमागची तारच काढून बुटाला मध्यभागी तळाखाली पकडणारी नवी पद्धत आणली, तेव्हा तारेचे सर्व पंथ क्षणभर एक झाले.

जोडणीची जागा बदलली की परिणाम बदलतो, हे ज्ञान मावळाला परके नाही. लाकडी नांगराचा हाळीस, म्हणजे पुढे बैलांपर्यंत जाणारा लांब दांडा, जुवाला किती पुढे किंवा किती मागे बांधायचा यावर फाळ जमिनीत किती खोल जाणार हे ठरत असे आणि चार बोटांच्या फरकाने बैलांच्या मानेवर काय येते हे शेतकऱ्याला कोणत्याही आकृतीवाचून कळत असे. तेव्हा याच मावळी माणसाने आपल्या टाचेमागच्या पट्ट्याबाबत काय भूमिका घेतली, हे पाहणे उद्बोधक ठरते, कारण त्याने ती घेतली आहे, ठामपणे घेतली आहे आणि पादत्राणे बनवणाऱ्या समस्त कारखानदारांचा विरोध पत्करून घेतली आहे.

नवलाख उंबरे हे गाव या अभ्यासाला सोयीचे अशासाठी की एकाच परिसरात पायाची सर्व युगे एकदम नांदताना दिसतात. एकीकडे इंद्रायणी नावाच्या तांदळासाठी नावाजलेल्या मावळातली भातखाचरे आहेत, जेथे चिखलणी आणि लावणीच्या दिवसांत कोणतेही पादत्राण चालत नाही, कारण चिखल ते ठेवून घेतो; दुसरीकडे तळेगावच्या औद्योगिक वसाहतीचे कारखाने आहेत, जेथे बोटांवर पोलादी टोपी असलेल्या सेफ्टी शूजशिवाय प्रवेश नाही; तालुक्यात गुलाबांची पॉलिहाउसे आहेत, जेथे गमबूट दिसतात; आणि या सर्वांच्या मधल्या वेळात, म्हणजे आयुष्याच्या उरलेल्या फार मोठ्या भागात, आहे ती चप्पल. घराच्या उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या जोडांवरून घरातील माणसांचे व्यवसाय, वये आणि त्या क्षणी घरात पाहुणे आहेत की नाहीत, एवढे सगळे सांगता येते.

मागच्या पट्ट्याच्या दृष्टीने या जोडांचे वर्गीकरण करावयाचे झाल्यास सर्वांत वर खडावांना मान द्यावा लागेल, कारण त्यांत पट्टाच नाही. अंगठा आणि शेजारचे बोट यांनी एक खुंटी पकडायची आणि बाकी सर्व वैराग्यावर सोडायचे. त्याखालोखाल कोल्हापुरी आणि रबरी स्लीपर. कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०२५ मध्ये तिच्या वळणाची पादत्राणे मिलानच्या फॅशन-मंचावर चढल्यावर महाराष्ट्राचा स्वाभिमान जागृत झाला, पण त्या सगळ्या गदारोळात टाचेमागे एखादा पट्टा असावा अशी मागणी ना इटलीतून आली, ना इचलकरंजीतून. नंतर येते ती सँडल, आणि येथे खरा तारमार्गाचा प्रश्न सुरू होतो. काही सँडलींत मागचा पट्टा टाचेच्या दोन्ही बाजूंनी थेट तळातून वर येतो, त्यामुळे टाच उचलली की तळही निमूटपणे बरोबर येतो. काहींत तो पुढच्या, पावलाच्या उंचवट्यावरील पट्ट्याला जोडलेला असून लांबलचक प्रवास करून टाचेला वळसा घालतो. अशा वेळी टाच थोडी मोकळी राहते, पट्टा हळूहळू खाली घसरतो आणि दर पन्नास पावलांनी वाकून त्याला पूर्वपदावर आणावे लागते. तिसरा आणि सर्वांत अर्वाचीन प्रकार ‘क्रॉक्स’ या नावाने सरसकट ओळखल्या जाणाऱ्या भोकाभोकांच्या पादत्राणाचा, ज्यात पट्टा दोन्ही बाजूंना एकेका गोल बटणावर फिरतो, म्हणजे त्याला खरीखुरी बिजागरी असते आणि तो मागेही नेता येतो, पुढेही ठेवता येतो. टेलिमार्कच्या काही नव्या बाइंडिंगांतही चढताना बिजागरी पूर्ण मोकळी करण्याची सोय असते व तिला चढाईची अवस्था म्हणतात. मावळातील क्रॉक्स दुकानातून बाहेर पडल्या क्षणापासून चढाईच्या अवस्थेत असतात. त्यांचा पट्टा पावलावर पुढे वळवलेला असतो आणि तो मागे फिरतो ही गोष्ट पुष्कळदा घरातील लहान मुलालाच प्रथम कळते.

परंतु मावळी प्रतिभेचा खरा आविष्कार सँडलच्या बाबतीत दिसतो. खरेदीच्या वेळी ग्राहक ‘मागे बेल्ट असलेली दाखवा’ असे आवर्जून सांगतो, बेल्ट ओढून पाहतो, त्याची शिलाई तपासतो, बेल्ट नसलेल्या जोडापेक्षा जास्त पैसे मोजतो, आणि घरी आल्यावर तो बेल्ट टाचेखाली दाबून सँडलची चप्पल करून वापरू लागतो. सुरुवातीला हे ‘जरा अंगणापर्यंत जायचंय’ या सबबीवर होते, मग दुकानापर्यंत, मग तळेगाव स्टेशनपर्यंत. महिन्याभरात दबलेल्या पट्ट्याला चपटेपणाची सवय लागते आणि त्याला पुन्हा उभे करू गेल्यास तोच नाराज होतो. या आचरणाला आळस म्हणण्याची घाई काही नागरी टीकाकार करतात, पण ती अन्यायाची आहे. मराठी घरात पादत्राण उंबऱ्याबाहेर काढायचे असते. देवळाबाहेर, शाळेच्या वर्गाबाहेर, काही दवाखान्यांबाहेर आणि अलीकडे मोबाइलच्या वातानुकूलित दुकानाबाहेरही काढायचे असते. मधल्या काळात दूध घ्यायला एकदा, घंटागाडीला एकदा, शेजारच्या काकूंनी हाक मारली म्हणून एकदा आणि त्यांनी काय सांगितले हे घरात सांगून उरलेले ऐकायला पुन्हा एकदा बाहेर पडावे लागते. प्रत्येक वेळी वाकून वेल्क्रो, म्हणजे चरचर आवाज करणारी चिकटणारी पट्टी, उघडायची आणि लावायची ठरवली तर दिवसाचा उल्लेखनीय भाग नतमस्तक अवस्थेत जाईल. नॉर्वेचा माणूस सकाळी एकदा बाइंडिंग लावतो आणि संध्याकाळी काढतो. त्याने दिवसातून बारा वेळा ती उंबऱ्यावर काढून पाहावी, म्हणजे तारेच्या स्थानाविषयीची त्याची मते बरीच सौम्य होतील.

मोकळ्या टाचेची किंमत मात्र पावसाळ्यात वसूल केली जाते. लोणावळ्याच्या बाजूला वर्षाला चार हजार मिलिमीटरांच्या घरात किंवा त्याहूनही अधिक पाऊस होतो; पूर्वेकडे तळेगाव-नवलाख उंबऱ्यापर्यंत येताना तो पुष्कळ कमी होत असला, तरी चिखलापुरता पुरून उरतो. रबरी स्लीपर केवळ अंगठ्याच्या खुंटीला आणि दोन तिरप्या पट्ट्यांना धरून असल्यामुळे टाच उठते तेव्हा तळाचे मागचे टोक क्षणभर खाली रेंगाळते आणि मग रबराच्या लवचीकपणामुळे फटकन वर येऊन टाचेवर आदळते; त्यावर साचलेले गढूळ पाणी या फटक्यासरशी वर आणि पुढे उडते, आणि वर व पुढे त्या वेळी नेमकी त्याच माणसाची पाठ असते. पोटऱ्यांवरचे थेंब ही सावकाश चालीची खूण. गुडघ्याच्या मागे पोचलेले शिंतोडे म्हणजे माणूस कामाला निघाला होता. आणि सदऱ्याच्या पाठीवर मधोमध चढलेली नक्षी म्हणजे पुण्याची लोकल समोर उभी होती, असे अनुमान बरेच विश्वसनीय ठरते. तळातून निघणारा, नीट वर चढवलेला मागचा पट्टा ही सर्व कलाकृती निर्माण होऊ देत नाही, कारण तळाला रेंगाळायला तो वेळच देत नाही. टेलिमार्कची स्प्रिंग जे काम करते तेच काम येथे शे-सव्वाशे रुपयांच्या जोडातील रेक्झिनची चिंधी करते. पण पावसाळ्यातच तळ आणि पाऊल यांच्यामध्ये बारीक खडा शिरतो, तो काढायला पट्टा सोडावा लागतो, सोडलेला पट्टा चिखलाने माखतो, माखलेला वेल्क्रो चिकटेनासा होतो, आणि माणूस निरुपायाने, खरे तर सुटकेचा श्वास टाकून, तो पुन्हा टाचेखाली घेतो.

लोणावळ्याला शनिवार-रविवारी येणारा पर्यटक हा या शास्त्रातील वेगळाच विभाग असून त्याच्याविषयी सविस्तर लिहिण्यात अर्थ नाही. भुशी धरणाच्या पायऱ्यांवरून वाहणाऱ्या पाण्यात एका पायावर उभा राहून दुसऱ्या पायाची स्लीपर खालच्या गर्दीत जाताना पाहणारी ती आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. लोहगडाच्या पायऱ्या मात्र अधिक गंभीर निरीक्षणाची जागा आहेत. चढताना पाऊल पादत्राणात मागे सरकते आणि मागचा पट्टा त्याला आधार देतो; उतरताना पाऊल पुढे सरकते, सगळा भार अंगठ्यावर आणि पुढच्या पट्ट्यांवर येतो आणि मागचा पट्टा बिचारा सैल पडून पाहत राहतो. म्हणजे कंदाहार बाइंडिंगच्या अगदी उलट. तेथे टाच धरायची ती उतरताना आणि सोडायची ती चढताना. तरीही लोहगड चढून जाईपर्यंत टाचेखाली दाबून ठेवलेला पट्टा महादरवाजातून परत फिरताना, खालच्या निसरड्या पायऱ्या पाहून, भक्तिभावाने वर ओढून घट्ट करणारे लोक दर पावसाळ्यात दिसतात. ज्या वेळी तो उपयोगी होता त्या वेळी तो पायाखाली होता, आणि ज्या वेळी तो काहीच करू शकत नाही त्या वेळी सर्व भिस्त त्याच्यावर टाकली जाते. अशी वागणूक एरवी घरातील वडीलधाऱ्यांच्याच वाट्याला येते.

सह्याद्रीत नियमित भटकणारे याबाबत अधिक जाणते असतात. चढताना नाडी थोडी सैल आणि उतरण्यापूर्वी घोट्याजवळ आवळून, म्हणजे पाऊल पुढे जाऊन नखे काळी पडत नाहीत, हे ते नवख्याला पहिल्याच ट्रेकमध्ये सांगतात. मात्र ते जाणते आहेत म्हणून एकमत आहेत असे समजू नये. ओल्या कातळावर ज्याची पकड वाखाणली जाते त्या स्वस्त देशी ‘अ‍ॅक्शन ट्रेकिंग’ बुटाचे निष्ठावंत आणि घोट्यापर्यंत चढणाऱ्या महागड्या परदेशी बुटांचे कैवारी यांच्यातील चर्चा राजमाचीच्या वाटेवर सुरू होते आणि परतीच्या लोकलमध्ये संपत नाही. हॅमरहेडच्या पहिल्या आणि पाचव्या भोकाचे पुरस्कर्ते त्या डब्यात बसवले, तर केवळ भाषेची अडचण येईल. आणि दोन्ही पक्ष शेंगदाण्याच्या चिक्कीवर एकत्र येत असताना, डोक्यावर गवताचा भारा घेऊन रबरी स्लीपरमध्ये तोच घाट सरसर उतरून जाणारी एखादी मावशी सगळ्या सिद्धान्ताला जेवढा धक्का देते, तेवढा विरोधी पक्षाला देता येत नाही. तिची टाच कोणीही धरलेली नसते; ती पाऊल आडवे टाकते, गुडघे वाकलेले ठेवते आणि वजन एका पायावरून दुसऱ्यावर न थांबता नेते. टेलिमार्कच्या शिक्षकाला हे शिकवायला एक हिवाळा लागतो.

कारखान्यातील सेफ्टी शूज हे मावळातील टाचेचे एकमेव सक्तीचे बंधन म्हणता येईल. त्यांची मागची बाजू कडक असल्याने ती टाचेखाली दाबता येत नाही, तरीही सहा महिन्यांच्या प्रामाणिक प्रयत्नांनंतर तिला नमवणारे कामगार प्रत्येक पाळीत एकदोन असतातच, आणि सुरक्षा अधिकाऱ्यांची दृष्टी सर्वप्रथम तेथेच जाते. पाळी सुटल्यावर कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्यांच्या हातातील पिशवीत पुष्कळदा स्लीपर असते. ती पायात जाते आणि बूट पिशवीत जातात, म्हणजे कायद्याने धरलेली टाच फाटकाबाहेर पाच मिनिटांत पूर्वस्थितीला येते.

उरतो तो दुरुस्तीचा भाग. रबरी स्लीपरची खुंटी तळातून निसटली तर तिच्यातून आडवी सेफ्टी पिन घालून ती वर्षभर चालवण्याचे तंत्र घरोघरी अवगत असल्यामुळे त्यासाठी कारागिराकडे कोणी जात नाही. सँडलचा मागचा पट्टा एका बाजूने उसवला म्हणजे मात्र माणूस बाजारातल्या, छत्रीखाली बसणाऱ्या चप्पल दुरुस्त करणाऱ्याकडे जातो. तो पट्टा उलटसुलट करून पाहतो, दाबून दाबून झालेला त्याचा चपटा आकार पाहून गिऱ्हाइकाच्या सवयी ओळखतो आणि शिलाईचे पैसे सांगतो. गिऱ्हाईक क्षणभर विचार करते आणि म्हणते, ‘मग कापूनच टाका, दोन्ही बाजूंनी.’ कारागीर रापीच्या दोन झटक्यांत तो कापतो, त्या कामाचे काही घेत नाही, आणि पट्टा मात्र टाकून न देता शेजारच्या डब्यात ठेवतो, कारण संध्याकाळपर्यंत कोणाच्या तरी चपलेचा अंगठा तुटून येणार असतो आणि त्याला एवढीच पट्टी पुरते.